बॅडलँड्सच्या गवताळ रानात दोन रात्रींचा मुक्काम कसा आखावा

अमेरिकेतील साऊथ डकोटा राज्याच्या नैऋत्य भागात, वॉल या छोट्या गावाच्या दक्षिणेला, मैलोन्मैल सपाट चाललेला गवताळ माळ एकाएकी तुटतो आणि खाली मातीचे कडे, सुटे सुळके व सपाट माथ्याच्या टेकड्या दिसू लागतात. अशा एकट्या उभ्या राहिलेल्या सपाट माथ्याच्या टेकडीला तिकडे ‘ब्यूट’ म्हणतात. लाकोटा या येथल्या मूळ रहिवासी लोकांनी या मुलखाला ‘माको शिचा’, म्हणजे वाईट जमीन, असे नाव दिले. पुढे तेथून गेलेल्या फ्रेंच शिकाऱ्यांनीही ‘ओलांडायला वाईट मुलूख’ याच अर्थाचे शब्द वापरले आणि त्यावरूनच आजचे ‘बॅडलँड्स’ हे नाव रूढ झाले. १९३९ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक झाला आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. उद्यानाच्या उत्तर विभागातील सेज क्रीकचे खोरे, सुमारे ६४ हजार एकरांचे, १९७६ पासून कायद्याने रान म्हणून राखलेले आहे. तेथे आखलेल्या वाटा नाहीत, पाणपोई नाही आणि तंबूसाठी आरक्षित जागाही नाहीत. मुक्कामासाठी परवाना लागत नाही, कोणत्याही दिशेने चालता येते आणि नियम पाळून कोठेही राहता येते.

हा लेख सह्याद्रीत भरपूर फिरलेल्या आणि आता शिकागो, मिनिआपोलिस किंवा तत्सम शहरांत राहणाऱ्या मराठी मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. सह्याद्रीत चालून आलेला दमसास येथे नक्की उपयोगी पडतो, पण तेथे अंगवळणी पडलेले तीन भरवसे या मुलखात धोक्याचे ठरतात. गडावर टाके सापडेल, खडक हाताला धरेल आणि वाट चुकली तर खालच्या वाडीत कोणीतरी सांगेल, हे ते तीन भरवसे. येथे पिण्याजोगे पाणी नाही, कडे बेसाल्टचे नसून मातीचे आहेत आणि वाडी तर नाहीच. म्हणून संपूर्ण आखणी पाण्यापासून सुरू करावी आणि बाकीचे सारे तिच्यामागे येऊ द्यावे.

पाण्याचा हिशेब

उद्यानाची सूचना माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाण्याची आहे. उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसासाठी हा आकडा किमान समजावा. सेज क्रीकच्या ओढ्यात आणि रानातल्या डबक्यांत पाणी दिसते, परंतु त्यात इतकी बारीक माती मिसळलेली असते की नेहमीचे फिल्टर काही वेळातच तुंबतात. मी एकदा कुतूहलापोटी त्या ओढ्याचे पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर दगडाला टेकवून ठेवले होते. सकाळी तळाशी बोटभरही गाळ बसलेला नव्हता आणि सारे पाणी तांदळाच्या धुवणासारखे तसेच पांढुरके होते. ती माती बसतच नाही, कारण तिचे कण अतिशय सूक्ष्म असून पाण्यात तरंगत राहतात. त्यामुळे ‘गाळून, उकळून घेऊ’ हा पर्याय मनातून काढून टाकावा आणि लागणारे सर्व पाणी स्वतः वाहून न्यावे.

आता प्रत्यक्ष गणित पाहू. सलग दोन रात्री आणि तीन दिवस रानात काढायचे तर माणशी बारा-तेरा लिटर पाणी लागेल. त्यात सात-आठ किलोचे सामान आणि दोन किलो अन्न मिळवले की सॅक बावीस किलोंच्या आसपास जाते, आणि पस्तीस अंश तापमानात एवढे ओझे घेऊन उतरताना गुडघे व डोके दोन्ही थकतात. म्हणून पहिल्या खेपेस सलग दोन रात्रींचा बेत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एकेका रात्रीच्या दोन स्वतंत्र फेऱ्या कराव्यात आणि मधल्या दुपारी गाडीकडे परतावे. गाडी हेच आपले टाके. एका फेरीसाठी संध्याकाळच्या चालीला दोन लिटर, स्वयंपाकाला एक, रात्री व सकाळी मिळून दीड, परतीच्या चालीला दीड आणि कशालाही हात न लावता राखून ठेवलेले दोन, असे आठ लिटर पुरतात. सॅकचे एकूण वजन मग सतरा-अठरा किलोंच्या आसपास राहते आणि ते घेऊन सात-आठ किलोमीटर चालणे बहुतेकांना जमते.

हे पाणी एकाच मोठ्या पिशवीत भरू नये. पिशवी निवडुंगाच्या काट्याने फुटली तर सारेच जाते. दोन-दोन लिटरच्या चार भांड्यांत ते वाटून घ्यावे आणि राखीव भांड्यावर खूण करून ते सॅकच्या तळाशी ठेवावे. गाडीत माणशी किमान दहा लिटर वेगळे ठेवावे. भरण्याची खात्रीची ठिकाणे म्हणजे वॉल गाव आणि उद्यानाचे मुख्य माहिती केंद्र, बेन रायफेल. रानाच्या कडेला असलेल्या सेज क्रीकच्या मुक्कामतळावर शौचालये आहेत, पण पाणी नाही, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते.

केव्हा जावे

जून हा महिना मला सर्वांत रुचतो. माळ हिरवा असतो, रानफुले असतात, पहाटे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेआठपर्यंत उजेड राहतो. मात्र याच काळात गडगडाटी वादळेही जास्त येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा वारंवार पस्तीसच्या वर जातो आणि येथे ४७ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाची नोंद आहे. शिवाय तो गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनांच्या माजाचा काळ असल्यामुळे नर अधिक आक्रमक होतात. सुट्टी ऑगस्टमध्येच मिळत असेल तर चाल पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढीच ठेवावी.

मिनिआपोलिसहून गाडीने साधारण आठ तास लागतात. विमानाने यायचे असल्यास रॅपिड सिटी जवळ पडते. स्टोव्हची गॅस-डबी विमानात नेता येत नाही, म्हणून ती रॅपिड सिटीतच घ्यावी. राज्याच्या मध्यातून पश्चिमेकडे जाताना घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. घरी ठेवलेल्या माणसाला ‘अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर’ अशी वेळ सांगताना हा फरक ध्यानात ठेवून सांगावी.

सामान

तंबू बुटका आणि वाऱ्याला तोंड देणारा असावा. या माळावर आडोसा नसल्यामुळे वादळाचा वारा सरळ अंगावर येतो, म्हणून तंबूचे सर्व दोर ताणूनच झोपावे, संध्याकाळ कितीही शांत असो. माती कोरडी असते तेव्हा खुंट्या आत जात नाहीत आणि भिजल्यावर त्या सहज निघून येतात, त्यामुळे लांब व जाड खुंट्या घ्याव्यात. झोपण्यासाठी हवा भरण्याच्या गादीपेक्षा फोमची साधी चटई बरी. गवतात लपलेला फड्या निवडुंग बुटका असतो, पायाला लागेपर्यंत दिसत नाही आणि त्याचा काटा तंबूच्या तळातून वर येतो. तंबू उभारण्याआधी ती जागा तळहाताने नव्हे, बुटाने चाचपून घ्यावी.

सावलीसाठी हलके कापड आणि दोन काठ्या आवर्जून घ्याव्यात. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट, घोटा झाकणारे बूट आणि लांब पँट हा येथला खरा पोशाख होय, कारण उन्हाइतकाच त्रास गोचिडांचा आहे. उन्हाळ्याच्या पूर्वार्धात त्या उंच गवताच्या शेंड्यांवर असतात. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत आणि मुक्कामी पोहोचल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी, मानेवर व केसांत एकमेकांना तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढावी, पिरगळू नये.

मोबाइलच्या रेंजवर विसंबू नये. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत, उंचीरेषांचा कागदी नकाशा व होकायंत्र सोबत असावे, आणि परवडत असेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने तरी घ्यावे.

अन्नाचा विचारही पाण्याशी बांधलेला आहे. डाळ-भाताला पाणी फार लागते आणि भांडी धुण्यात आणखी जाते. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी आणि भाजलेले दाणे यांवर दोन वेळा निभावतात. रात्री एकच गरम पदार्थ करावा. घरी भाजून, फोडणी घालून नेलेल्या रव्यात मोजून पाणी घातले की उपमा त्याच भांड्यात होतो आणि ते भांडे पुसून घेतले तरी चालते. घामातून जाणारे मीठ भरून काढण्यासाठी साखर-मीठ-लिंबाच्या पुड्या माणशी चार तरी ठेवाव्यात. शेकोटीला येथे पूर्ण बंदी आहे. स्टोव्हसुद्धा गवत नसलेल्या उघड्या मातीवर आणि वाऱ्याला आडोसा करूनच पेटवावा, कारण वाळलेल्या माळाला लागलेली आग माणसाच्या चालण्यापेक्षा वेगाने पसरते.

पहिली फेरी: कोनाटा ते डिअर हेवन

सकाळी बेन रायफेल केंद्रात जावे, रेंजरना, म्हणजे उद्यानाच्या रक्षकांना, आपला बेत सांगावा, हवामानाचा अंदाज विचारावा आणि कच्च्या रस्त्यांची स्थिती जाणून घ्यावी. उन्हाळ्यात तेथे जीवाश्म स्वच्छ करण्याची प्रयोगशाळा पाहता येते. दुपारचे कडक ऊन टाळण्यासाठी ते उत्तम ठिकाण आहे. चारच्या सुमारास कोनाटा येथील सहलीच्या जागेवर गाडी लावावी आणि रानात शिरण्यापूर्वी नोंदवहीत नाव लिहावे.

येथून डिअर हेवन हे जुनिपरच्या झाडांचे बेट एका बाजूस चार-पाच किलोमीटर आहे. मोठी मातीची भिंत उजव्या हाताला ठेवून तिच्या पायथ्यालगत वायव्येकडे चालत राहिले की दिशा चुकत नाही. पायवाट ठळक असते तेथे ती घ्यावी, विरली की घाबरू नये. चालताना दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून मागे वळून पाहावे आणि परतीच्या दृश्याचे एक छायाचित्र घ्यावे. ब्यूट एका बाजूने एक दिसते आणि दुसऱ्या बाजूने अगदी निराळी, त्यामुळे जाताना पाठ केलेली खूण येताना ओळखू येत नाही. हरवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

पायाखालच्या मातीकडेही नीट पाहावे. उतारावरचा पापुद्रा लाह्यांसारखा फुगलेला असतो. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली बेन्टोनाइट ही चिकणमाती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, तिचेच हे रूप आहे. कोरड्या उतारावर या लाह्या बुटाखाली गोळ्यांसारख्या घरंगळतात, म्हणजे आपल्याकडच्या घसाऱ्याचाच हा बारीक प्रकार. भिंतीचा खडक हाताला धरून चढण्याचा मोह आवरावा, कारण पकड हातात सुटून येते. कडे दरवर्षी सुमारे एक इंच झिजतात, इतके ते मऊ आहेत. जेथे हात न टेकता चढता येत नाही, तेथे चढूच नये, कारण उतरणे त्याहून अवघड असते.

झिजेचा हा वेगच येथे जीवाश्म उघडे पाडतो. कड्यांवरचे पट्टे खालून वर वाचावेत. तळाशी काळपट सागरी गाळ, त्यावर पिवळे व लालसर जुने मृदाथर आणि वर करड्या-गुलाबी रेषा असतात. मधल्या-वरच्या थरांत साधारण ३.७ ते २.८ कोटी वर्षांपूर्वीच्या सस्तन प्राण्यांची हाडे सापडतात. २०१० मध्ये माहिती केंद्राच्या जवळच सात वर्षांच्या एका मुलीला मांजरासारख्या सुळेदार प्राण्याची कवटी दिसली आणि तिने ती रेंजरना सांगितली. आपल्यालाही काही दिसल्यास तसेच करावे, म्हणजे वस्तू हलवू नये, छायाचित्र व जागेचे अक्षांश-रेखांश टिपून केंद्रात कळवावे. दगड, हाड किंवा फूलही उचलून नेणे हा गुन्हा आहे.

तंबूची जागा

नियमानुसार तंबू कोणत्याही रस्त्यापासून किंवा वाटेपासून किमान अर्धा मैल, म्हणजे ८०० मीटर, दूर आणि तेथून न दिसणारा असावा. हा नियम पाळून झाल्यावर खरा निर्णय सुरू होतो. ओढ्याच्या कोरड्या पात्रातील सपाट वाळू मोहक असते, पण दूर कोठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येतो. ब्यूटचा माथा सुंदर असतो, पण विजेला तोच सर्वांत जवळचा. भिंतीच्या अगदी बुडाशी माती ढासळते. प्रेअरी डॉग या बिळांत राहणाऱ्या खारवर्गीय प्राण्यांच्या वस्तीत तर मुळीच राहू नये, कारण त्यांच्यातील पिसवांमधून प्लेगचा संसर्ग होऊ शकतो. बायसनांच्या रुळलेल्या वाटा आणि त्यांनी लोळून केलेले धुळीचे खळगेही टाळावेत. उरते ती योग्य जागा, म्हणजे पात्रापासून दोन पुरुष उंचीवरचा गवताळ पदर, पश्चिमेकडे एखादी बुटकी टेकडी आडोशाला आणि सकाळचे ऊन लवकर येईल असे पूर्वेकडचे तोंड. अशी जागा शोधायला अर्धा तास लागतो, तो उजेड असतानाच द्यावा.

शौचासाठी ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर दूर वीतभर खोल खड्डा खणावा, तो बुजवावा आणि कागद पिशवीत घालून परत न्यावा.

वादळ, चिखल, बायसन, साप

दुपारनंतर पश्चिमेला ढगांचा मनोरा उभा राहू लागला की चाल थांबवावी. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचा अवधी तीस सेकंदांहून कमी असेल तर माथे व धारा सोडून सखल पण पात्राबाहेरच्या जागी जावे, काठ्या दूर ठेवाव्यात, एकमेकांपासून अंतर राखून बुटांवर उकिडवे बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तसेच थांबावे. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. गारपीट झाल्यास सॅक डोक्यावर धरावी.

पावसानंतरचा चिखल ही या मुलखाची खास अडचण आहे. भिजलेली बेन्टोनाइट माती एकाच वेळी निसरडी आणि चिकट होते. दहा पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर चिखल लागतो, पाय उचलणे जड होते आणि उतारावर तर उभेही राहता येत नाही. अशा वेळी चालण्याचा हट्ट करू नये. ऊन व वारा लागले की वरचा थर काही तासांत सुकतो. खुणेच्या भांड्यातील दोन लिटर पाणी आणि एका वेळचे जादा अन्न याच तासांसाठी आहे. कच्च्या रस्त्यावर ठेवलेली गाडीही लगेच काढू नये.

बायसनांपासून किमान शंभर यार्ड, म्हणजे नव्वद मीटर, दूर राहावे. ते संथ चरताना सुस्त वाटतात, पण ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतात. शेपूट उभी झाली, पाय आपटू लागला, की आपण आधीच फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. कळप वाटेत असेल तर लांबचा वळसा घालावा. एका पहाटे माझ्या तंबूबाहेर गवत मुळासकट उपटल्यासारखा चरचर आवाज येत होता आणि मध्येच खोल, ओलसर श्वास ऐकू येत होता. पंधरा पावलांवर एक नर चरत होता. अशा वेळी करण्यासारखे एकच काम असते, ते म्हणजे चेन न उघडता, न बोलता पडून राहणे. तो चाळीस मिनिटांनी आपण होऊन पुढे गेला.

येथे प्रेअरी रॅटलस्नेक हा एकच विषारी साप आहे. दगडाच्या कपारीत किंवा बिळात हात घालू नये आणि संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय चालू नये. खुळखुळ्याचा आवाज आला की जागीच थांबून साप कोठे आहे ते पाहावे आणि हळूहळू मागे सरावे. दंश झाल्यास चिरा देणे, विष चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठ्या, घड्याळ काढावे, तो अवयव स्थिर ठेवावा आणि ९११ वर मदत मागवावी.

दुसरी फेरी: सेज क्रीकचे खोरे

डिअर हेवनहून सकाळी लवकर, नऊच्या आत गाडीपाशी पोहोचावे, भांडी भरून घ्यावीत आणि दुपार वॉलमध्ये किंवा सावलीत काढावी. मग पिनॅकल्स प्रवेशद्वाराजवळून सुटणाऱ्या सेज क्रीक रिम रोड या खडीच्या रस्त्याने सेज क्रीक बेसिन ओव्हरलुकला जावे. तेथून दिसणारे खोरे गवताचे आहे, आणि ब्यूट त्यात बेटांसारखी उभी आहेत. पहिल्या फेरीत भिंत सोबतीला होती, येथे ती नाही. म्हणून उतरण्यापूर्वी वरूनच अर्धा तास बसून नकाशा व मुलूख ताडून पाहावा, कळप कोठे आहेत ते दुर्बिणीने टिपावे, वेगळ्या आकाराची दोन ब्यूट निवडावीत आणि त्यांच्या सरळ रेषेत आपली दिशा होकायंत्रावर धरावी. दोन-तीन किलोमीटर आत गेले तरी पुरे. तेथे माणसाचा एकही आवाज नसतो, मेडोलार्क या माळावरच्या पक्ष्याची शीळ आणि रात्री कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यांची हाक ऐकू येते. जास्त चालल्याने त्यात भर पडत नाही. बायसनांनी पाडलेल्या वाटा ओढा ओलांडण्याच्या सोप्या जागी नेतात, त्या वापराव्यात, मात्र कोणी समोरून येत नाही ना हे पाहूनच.

उद्यानाचा दक्षिण विभाग पाईन रिज या लाकोटांच्या राखीव भूमीत येतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ती जमीन लष्कराने लाकोटा कुटुंबांकडून घेऊन तोफखान्याच्या व बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरली आणि न फुटलेले दारूगोळे तेथे अजूनही सापडतात. तेथे जायचे असल्यास स्थानिक लोकांची परवानगी आणि माहिती घेऊनच जावे. या पहिल्या सहलीत तो भाग धरू नये.

परत आल्यावर नोंदवहीत बाहेर पडल्याची वेळ लिहावी आणि रेंज येताच घरच्या माणसाला निरोप द्यावा. गाडीत बसण्यापूर्वी पुन्हा एकदा गोचिडांची तपासणी करावी. तंबूला लागलेला चिखल ओला असताना धुऊ नये. तो उन्हात पूर्ण वाळू द्यावा, मग कापड हलकेच चोळले की माती पापुद्र्यासारखी सुटून पडते, आणि ती तेथेच सोडून निघावे.